‘आत सुती, वरून एक जाड जॅकेट’: ही यादी घेऊन बर्फात जाऊ नका

‘लांबच्या मोहिमेसाठी कपड्यांची परिपूर्ण यादी, सर्व ऋतूंसाठी एकच’ असा एक मेसेज गेले काही दिवस ट्रेकिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या भाचीने मला पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘मावशी, एवढं पुरेल ना?’ तिची मोहीम कित्येक आठवड्यांची आहे. पावसात सुरू होणार, बर्फात संपणार. नाही, पुरणार नाही. शिवाय या यादीतल्या काही सूचना जीवावर बेततील अशा आहेत. ती एकटीच हे वाचत नसणार, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितेय.

‘अंगाला लागून नेहमी सुतीच. सुती कापड घाम शोषून घेतं.’

शोषून घेतं, हे अगदी खरं. घोटाळा तिथेच आहे, कारण शोषलेलं पाणी ते सोडत नाही. 200 ग्रॅमचा सुती टी-शर्ट स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज धरून ठेवतो. हे पाणी अंगावरच वाळवायचं तर दर ग्रॅममागे साधारण 2.4 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे 200 ग्रॅमला 480 किलोज्यूल. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सुमारे 90 ते 100 वॅट उष्णता तयार करतं. याचा अर्थ, खिंडीत थांबल्यावर तुमच्या शरीराची जवळजवळ दीड तासाची सगळी कमाई तो एक शर्ट वाळवण्यात जाऊ शकते. ही सगळी उष्णता शरीरातूनच जाते असं नाही, थोडी हवेतूनही मिळते, पण वाऱ्यात ओल्या शर्टाने उभं राहिलं की हुडहुडी का भरते ते यावरून कळेल. त्यात भिजलेला सुती धागा लुळा पडतो, कापड अंगाला चिकटतं आणि मधला हवेचा थर नाहीसा होतो. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

पॉलिएस्टरचा धागा सामान्य दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के ओलावा आत घेतो, सुती साधारण 8 टक्के. त्यामुळे पॉलिएस्टरमधलं पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं, पसरतं आणि लवकर उडून जातं. मेरिनो लोकरीचं वेगळं आहे. ती वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा धाग्याच्या आत घेते, तरी अंगाला ओली लागत नाही, आणि कित्येक दिवस घातली तरी तिला फारसा वास येत नाही. पण ती पॉलिएस्टरपेक्षा हळू वाळते, आणि पातळ मेरिनो सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर आधी विरते. लांबच्या मोहिमेला 150 ते 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरचे दोन जोड चालायला आणि एक जोड फक्त झोपायला, एवढं ठेवा. झोपायचा जोड कितीही मोह झाला तरी चालताना अंगात घालायचा नाही.

घरीच तपासून बघा. कपडा भिजवा, पिळा, वजन करा, सावलीत तासभर टांगा आणि परत वजन करा. दोन कपड्यांतला फरक काट्यावरच दिसेल, कोणाच्या मेसेजची गरज पडणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत नसते. लोक वरचा शर्ट बदलतात आणि आतले कपडे सुतीच ठेवतात. सॅकच्या पट्ट्याखाली छातीला आणि पाठीला चिकटलेली ओली सुती ब्रा, कमरपट्ट्याखालचं ओलं इलॅस्टिक, हे भाग दिवसभर वाळत नाहीत. थंडी तिथूनच शिरते आणि कातडीही तिथेच सोलवटते. आतले कपडेही सुती नकोत.

एक गोष्ट कबूल करते. कोरड्या, कडक उन्हाच्या टप्प्यात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट उत्तम. तिथे तोच हळू वाळणारा घाम अंग गार ठेवतो. आणि स्टोव्हची ठिणगी उडाली तर कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो, सुती आणि लोकर तसं करत नाहीत. पण मेसेजातला शब्द ‘नेहमी’ आहे, आणि तो चुकीचा आहे.

‘चार पातळ कपड्यांपेक्षा एक जाड जॅकेट बरं. घाम आला म्हणजे अंग तापलं, चालत राहा.’

हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओझं घेऊन चढताना शरीर 400 वॅटच्या पुढे उष्णता तयार करतं, थांबलं की ती 100वर येते. एवढा फरक एका जाडीच्या कपड्याने कसा सांभाळणार? चढावर तो उकडवणार, आणि थांब्यावर आतून ओला झालेला असणार.

घामाचं काय होतं, याचा सगळ्यात कठोर पुरावा 1911च्या अंटार्क्टिक हिवाळ्यातला आहे. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरला स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढत गेले. तापमान उणे 60 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. घाम आणि श्वासाची वाफ कपड्यांत आणि झोपायच्या पिशव्यांत गोठत गेली. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आले, इकडेतिकडे बघायला त्यांनी मान वर केली, आणि पंधराएक सेकंदांत कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास त्यांना मान वर ठेवूनच स्लेज ओढावी लागली. त्यानंतर तिघंही तंबूबाहेर पडताच आधी ओढण्याच्या पवित्र्यात वाकून उभे राहत, म्हणजे कपडे निदान त्या आकारात गोठतील. सुमारे पाच आठवड्यांनी परतले तेव्हा त्यांच्या पिशव्यांचं वजन दुपटीहून जास्त झालं होतं. ते वाढलेलं वजन बर्फाचं होतं. पाऊस नव्हता, नदी ओलांडली नव्हती. तो ओलावा मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या शरीरातला होता.

म्हणून थर. अंगाला लागून बेस लेयर, म्हणजे वर सांगितलेला पॉलिएस्टरचा किंवा मेरिनोचा जोड. त्यावर पातळ फ्लीस (लवदार, हलकं कृत्रिम उबदार कापड), चालताना पुरेल एवढंच. त्यावर विंडचीटर, 100 ते 150 ग्रॅमचं, अस्तर नसलेलं. मोहिमेत सगळ्यात जास्त वेळ हेच अंगावर राहतं. पाऊस आणि ओल्या बर्फासाठी वेगळं रेन जॅकेट, काखेत चेन असलेलं. आणि थांबल्यावर घालायचं भरगच्च जॅकेट, जे या सगळ्यांवरून चढलं पाहिजे. हे शेवटचं सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं, थांबल्याच्या पहिल्या मिनिटात घालायचं, आणि मग पाण्याची बाटली काढायची. उलट क्रमाने केलं तर गेलेली ऊब परत यायला फार वेळ लागतो. सकाळी निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत, दहा मिनिटांत घाम फुटेल. गरम व्हायला लागलं की आधी टोपी, मग हातमोजे, मग गळ्याची चेन. घाम फुटायच्या आधी. फुटल्यावर उशीर झालेला असतो.

हे सगळे थर एकावर एक घालून दुकानातच हात वर करून बघा. मनगट उघडं पडतं का, कंबर वर सरकते का, खांद्यात दाटतं का. वरचं जॅकेट घट्ट असेल तर आतली डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं) दबते, आणि दबलेली डाऊन ऊब देत नाही.

‘स्लीपिंग बॅगवर उणे 15 लिहिलंय, म्हणजे उणे 15पर्यंत निवांत झोप. सगळे कपडे काढून झोपा, तरच बॅग तापते.’

बॅगवरचा आकडा नेमका कोणता, हे आधी बघा. आयएसओ 23537 या मानकात उष्ण केलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप करतात आणि त्यावरून आकडे काढतात. त्यातले तीन आपल्या कामाचे. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैल झोपलेली असताना तिला थंडी वाजणार नाही असं तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून झोपला तर अंगातल्या उष्णतेचा तोल कसाबसा सांभाळेल असं. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सर्वसाधारण स्त्री सहा तास तग धरेल असं, तेही हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याचा, धोका पत्करून. कम्फर्ट आणि एक्स्ट्रीममध्ये 15 ते 20 अंशांचा फरक सहज असतो. म्हणजे ‘उणे 15’ हा एक्स्ट्रीमचा आकडा असेल, तर ती बॅग निवांत झोपेसाठी शून्याच्याही वरची आहे. खरेदी करताना फक्त कम्फर्ट वाचा. दमलेल्या, उपाशी, किंवा पंधरा दिवसांत वजन उतरलेल्या माणसासाठी त्यातही पाचेक अंश हाताशी ठेवा.

पुतळ्याला चाचणीत पातळ कपडे घातलेले असतात आणि तो मॅटवर झोपवलेला असतो. खाली काय आहे याने रात्रीचं निम्मं गणित ठरतं, कारण पाठीखालची बॅग तुमच्याच वजनाने दबते. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, बघा. एएसटीएम एफ3340 पद्धतीने मोजलेली असेल तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. गोठणबिंदूच्या खाली 4च्या वर, कडक हिवाळ्यात 5 ते 6. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. खाली साधी फोमची मॅट (साधारण 2) आणि वर हवेची, म्हणजे हवेची फुटली तरी रात्र निघते.

कपडे काढण्याबद्दल: बॅग चुलीसारखी तापत नाही, ती तुमचीच ऊब धरून ठेवते. कोरडे कपडे घालून झोपलात तर तेवढं आवरण वाढतं. यातलं अर्धं खरं असं की ओले कपडे उतरवायलाच हवेत, आणि इतके जाड कपडे घालू नयेत की बॅग आतून ताणून दबेल. बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडू नका. दुपारच्या थांब्यावर ऊन असेल तर बॅग उलटी करून वीस मिनिटं पसरा. आठवडाभर हे केलं नाही तर डाऊनचे गोळे होतात आणि आकडा कितीही असो, बॅग मेलेली असते. उणे 20च्या खाली आठवडेच्या आठवडे राहायचं असेल तर आत वाफ अडवणारं लायनर (पातळ आतली पिशवी) लावतात. घामाने अंगाला ओलसर लागतं, पण बॅग कोरडी राहते.

बाकीचे मुद्दे भराभर.

‘40 टक्के उष्णता डोक्यातून जाते, कानटोपी असेल तर पायाला थर्मल नको.’ डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2008मध्ये वैद्यकीय गैरसमजांच्या लेखात हे खोडून काढलं. टोपी हवीच, ती क्षणात घालता-काढता येते. पण ती मांड्या गरम ठेवत नाही.

‘मोजे तीन घाला.’ आत एक पातळ मोजा आणि त्यावर एक जाड मोजा, याने फोड कमी येतात, हे मान्य. पण बूट त्या जाडीला धरून घेतलेले असले तरच. घट्ट बुटात तिसरा मोजा रक्ताचा प्रवाह अडवतो आणि बोटं आधी गार पडतात. लांब चालीत पाय सुजतो. संध्याकाळी, मोजे घालून बूट तपासा. नाड्या सैल सोडून पाय पुढे रेटल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. आणि गोठवणारी थंडी नसली म्हणून गाफील राहू नका. शून्य ते 15 अंशांतही पाय तासन्‌तास ओला राहिला तर नसा कायमच्या दुखावू शकतात.

‘थोडी ब्रँडी.’ दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते, आणि आतली उष्णता बाहेर जाते. नको.

‘टेंटची चेन लावून आत स्टोव्ह चालू ठेवा.’ कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. हे कधीही करू नका.

‘वॉटरप्रूफ जॅकेट धुवू नका, कोटिंग जातं.’ न धुतल्यानेच जातं. घाम आणि मळाने वरचं कापड पाणी झटकेनासं होतं, ओलं होऊन बसतं, आतली वाफ अडते, आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. सौम्य, खास त्यासाठीच्या साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर वाळवा.

आणि शेवटी तो मथळा, ‘सर्व ऋतूंसाठी एकच यादी’. उणे 15च्या कोरड्या थंडीपेक्षा 3 अंशांचा वारा-पाऊस जास्त छळतो, कारण तिथे काहीच वाळत नाही. म्हणून ओल्या टप्प्यासाठी थांबल्यावरचं जॅकेट कृत्रिम भरणाचं, आणि कोरड्या गोठलेल्या टप्प्यासाठी डाऊनचं. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरतं. उणे 10 आणि ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20सारखं लागतं. गॅसचंही तेच: साधा ब्यूटेन उणे 0.5 अंशालाच वाफ व्हायचं थांबतो, आयसोब्यूटेन उणे 12च्या आसपास. थंडीच्या टप्प्याला प्रोपेन मिसळलेला आयसोब्यूटेनचा डबा किंवा द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो.

तेव्हा भाचीने दोन खोकी भरावीत, एक पावसाळी टप्प्याचं, एक थंडीचं. थंडीच्या खोक्यात डाऊन जॅकेट, जाड बॅग, दुसरी मॅट, दोरीने मनगटाला बांधलेले मिटन्स (चार बोटं एकत्र राहतात असे हातमोजे) आणि त्यांच्या आत घालायचे पातळ हातमोजे दोन जोड, यूव्ही अडवणारे कॅटेगरी 4चे (सगळ्यात गडद काचेचे) गॉगल. हे खोकं पहिल्या बर्फाच्या अंदाजाआधीच्या रसदीच्या थांब्यावर पोचलेलं हवं. पावसाळी कपडे तिथून लगेच परत पाठवू नयेत. शेवटची उंच खिंड उतरून आठवडाभर पाऊस पडला नाही, तरच ते पाठवावेत.