सरळ बोलण्याच्या रोगावर उतारा

कोल्हापुरात जन्माला आलात की एक दुखणं पाळण्यातूनच सोबत येतं. वाटलं ते तोंडावर बोलायचं. जमणार नसेल तर "जमत न्हाई, जावा." रस्सा पाणचट झाला असेल तर तसं जेवण वाढणारीलाच सांगायचं, तेही पाहुण्यांदेखत. असल्या माणसाचं आजच्या जगात काही खरं नाही. माझा भाचा पुण्याला कंपनीत लागला आणि पहिल्याच महिन्यात अडचणीत आला, कारण साहेबानं "आयडिया कशी वाटली?" असं विचारलं आणि ह्यानं वाटली तशी सांगितली. आता तो पुष्कळ सुधारलाय. काहीही विचारा, "यावर आपण नंतर कनेक्ट होऊ" म्हणतो. गणपतीला घरी आला होता, तेव्हा आईनं जेवायला हाक मारली तर तिलाही हेच. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ते कवा असतंय?"

तुम्हालाही सुधारायचं असेल तर खालचे शब्द रोज सकाळी अनशापोटी घ्या. पथ्य एकच, अर्थ विचारायचा नाही.

सुरुवात हलक्या डोसानं करा. 'बँडविड्थ नाही' म्हणजे वेळ आहे, पण तुमच्यासाठी नाही. 'फीडबॅक द्या' म्हणजे कौतुक करा. 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे वाक्य पगारवाढीच्या महिन्यात ऐकू आलं तर समजून जा.

'नेटवर्किंग' जरा बेतानं घ्यावं लागतं. पेठेत तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळ घालवणाऱ्याला घरचे उडाणटप्पू म्हणतात. तेच पैसे भरून, हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, गळ्यात बिल्ला अडकवून केलं की नेटवर्किंग होतं. कट्ट्यावरच्याचं आडनावसुद्धा तुम्हाला धड माहीत नसतं, पण रात्री दोनला दवाखान्यात रक्त द्यायला तोच येतो. बिल्लेवाल्याचं आडनाव, हुद्दा, ईमेल सगळं तुमच्याकडे असतं.

बापानं उद्यमनगरात एक लेथ टाकला, कर्ज फेडलं, दोन पोरींची लग्नं केली. त्याला धंदा म्हणायचं. पोराचा तोटा दुसऱ्याच्या पैशानं चाललाय. त्याला स्टार्टअप म्हणायचं. लग्नाच्या बायोडाटात दोन्ही लिहा. मुलीचा बाप चौकशी पहिल्याचीच करतो.

आता 'इन्स्पिरेशन'. हा शब्द आपल्याला पायातून कळला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आले. बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं कमवायचं, हातानं शिवायचं, आणि गिऱ्हाइकानं दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायची, अशी ही परंपरा. मग 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये अगदी तसलीच चप्पल चालत आली. नाव नुसतं 'लेदर सँडल', किमतीचे आकडे बातम्यांत लाखाच्या वर. इकडं ओरड झाली तेव्हा त्या कंपनीकडून कबुली आली की होय, प्रेरणा तुमच्याकडचीच. तेव्हा लक्षात ठेवा. शेजाऱ्याच्या पोरानं परीक्षेत तुमच्या पोराचं बघून लिहिलं तर ती कॉपी. बघून लिहिणारा इटलीचा असेल तर इन्स्पिरेशन. हाच माल अंगठा दुखेपर्यंत शिवणाऱ्यासाठीही एक शब्द आहे, 'आर्टिझन'. हा शब्द लागला की मजुरी तीच राहते, फोटो मात्र काढतात.

'ऑथेंटिक', म्हणजे अस्सल, हा शब्द तर तुम्ही महामार्गावर ढाब्यांच्या पाट्यांवर वाचलाच असेल. पाटी जितकी मोठी, तितका रस्सा लाल. पांढरा रस्सा नावाची वस्तू आपल्याकडे असते आणि तिच्यात तिखटाचा लालपणा नावालाही नसतो, हे त्या पाटीवाल्यांच्या कानावर कुणी घालू नये, बिचाऱ्यांचा धंदा बसेल. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी मी पहिल्यांदा नाशिकला खाल्ली. आमच्या आजीला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "आन् त्यात कोल्हापूरचं काय हुतं?" मी म्हणालो, "बिल देणारा."

काही शब्द मात्र बाहेरून आणावे लागत नाहीत, इथंच पिकतात. 'थेट' घ्या. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी ती थेट पाइपलाइन. काम 2014 च्या सुमारास सुरू झालं आणि पाणी आलं 2023 च्या दिवाळीत. त्यामुळे कोल्हापुरात कुणी "थेट घरी येतो" म्हणाला तर बायकोला आधण ठेवायला सांगू नका. 'हद्दवाढ' दुसरा. 1972 मध्ये महानगरपालिका झाली, त्यानंतरच्या अर्धशतकात हद्द होती तिथंच राहिली. वाढली ती बैठकांची संख्या.

सगळ्यात जालीम औषध शेवटी ठेवलंय, 'रेझिलियन्स', साध्या भाषेत चिवटपणा. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी उठून देवाच्या आधी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पाढ्यांसारखं पोरांनाही पाठ. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 च्या पुढं गेलं. नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या एका पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या एका पुराची, असं सांगतात. 2005 धरून मोजलं तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बऱ्याच शतकांच्या झाल्या. 2019 आणि 2021, दोन्ही वेळी पाण्याबाहेरच्यांनी भाकऱ्या बांधल्या, तालमीची पोरं गळाभर पाण्यात उतरली, म्हशी जिन्यावरून गच्चीवर चढवल्या. म्हैस जिना चढते, उतरायला मात्र सहजी तयार होत नाही, हे ज्ञान शहराला तेव्हा झालं. पाणी ओसरल्यावर कुणीतरी माइक धरून म्हणालं, "कोल्हापूरकरांचा रेझिलियन्स!" म्हणजे काय, तर पूररेषेत इमारत बांधणाऱ्याला जो लागत नाही आणि तिच्या तळमजल्यावर राहणाऱ्याला जो दर पावसाळ्यात लागतो, तो. हा शब्द पंचनाम्याच्या रांगेत उभं असताना वापरून बघा. रांग पुढं सरकत नाही, पण तुम्ही अभिमानानं उभे राहता.

एवढं सगळं घेऊन महिना झाला की चाचणी द्या. मी दिली. पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हशी, बादलीत धार वाजतेय, पेल्यावर बोटभर फेस. मी पेला हातात धरून, आवाज जरा पुण्याचा करून विचारलं, "या दुधाची ऑथेंटिसिटी कशी व्हेरिफाय करता?"

गवळ्यानं मान वर केली नाही. धार काढता काढता म्हणाला, "म्हस हितंच हाय, तिलाच इचारा की."