चॉकलेटचे मोदक वाटण्याची शास्त्रोक्त पद्धत

गणपती जाऊन पंधरा दिवस झाले, तरी आमच्या फ्रिजच्या दारात तीन मोदक अजून उभे आहेत. चॉकलेटचे. टाकावेत तर प्रसाद, खावेत तर... असो. परळला आमच्या चाळीचा टॉवर झाला, त्याबरोबर उत्सवही वर गेला. कमिटीकडून यंदा जे शिकलो ते तुमच्या सोसायटीलाही उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

आधी उकडीच्या मोदकांचा नाद सोडा. लागतं काय त्याला? तांदळाची पिठी, नारळ, गूळ, वेलची आणि पहाटे पाचला उठणारी एक बाई. पहिल्या चार गोष्टी दादरला मिळतात. पाचवी घरोघरी गृहीत धरलेली असायची. आमच्या आजीने तर मोदकाच्या कळ्या मोजून सुनांची किंमत केली. त्या बाईने आता हात वर केलेत, आणि बरोबर केलं. तिच्या जागी घरातला पुरुष पाटावर बसू शकेल, हा विचार मात्र चुकूनही मनात आणू नका. सरळ ऑर्डर द्या.

मग प्रायोजक गाठा. आम्हाला कर्ज देणारी एक कंपनी मिळाली. कमानीवर डावीकडे बाप्पा, उजवीकडे व्याजदर. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो लोकांनी एकत्र यावं म्हणून. आम्हीही येतो की एकत्र, क्यूआर कोड स्कॅन करायला.

दुर्वा प्लास्टिकच्या आणा, पुढच्या वर्षी धुऊन वापरता येतात.

आता मुख्य गोष्ट, बॉक्स. तो जड असला पाहिजे. घरटी एक मिळाला, हातात घेतल्यावर वाटलं, वा! घरी आणून काट्यावर ठेवला तर तीनशे दहा ग्रॅम. मग मोदक तेवढे काढून ठेवले. पाच मोदक, साठ ग्रॅम. बाकी सगळा पुठ्ठा, सोनेरी ट्रे, रिबीन, अक्षतांची पुडी आणि पर्सनल लोनचं पत्रक. चष्मा पुसून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढी तरी कायद्याची कृपा आहे. पहिली साखर. दुसरं हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. त्यानंतर कुठेतरी अंग चोरून बसलेली कोको पावडर. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असतं आणि ते चौतीस अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात टाकल्यावर वितळतं. भाद्रपदातल्या मुंबईत, मांडवातल्या दिव्यांखाली, ते आरती संपायच्या आत ताटात वाहू लागेल. म्हणून कोको बटर काढायचं आणि घट्ट केलेलं तेल घालायचं. धंद्यात याला कंपाउंड म्हणतात. म्हणजे मोदक तर तो नव्हताच, धड चॉकलेटही नव्हता! साच्यातून काढलेलं गोड वनस्पती तूप देवापुढे मांडून आम्ही चाळीस जण अथर्वशीर्ष म्हणत होतो. फलश्रुतीत हजार मोदकांनी इच्छिलेलं फळ मिळतं असं म्हटलंय. या हजार मोदकांनी काय मिळेल ते डॉक्टर सांगतील, त्यांनाही प्रायोजक करून घ्या.

संक्रांतीला तिळाची चॉकलेटं वाटा. ‘गोड बोला’ डब्यावरच छापलेलं असतं, आपल्याला तोंड उघडावं लागत नाही.

हे आपल्याच धर्मात चाललंय असं समजून मात्र छाती बडवू नका. आमच्या ऑफिसातली वांद्र्याची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातली, मैत्रीण दर ईस्टरला मार्झिपॅनची, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याची, अंडी आणायची, वर साखरेची फुलं काढलेली. यंदा मॉलमधला चॉकलेटचा पोकळ ससा आणला. म्हणाली, आई थकली. मी म्हटलं, तू? ती हसली आणि मीटिंगला गेली. मी तरी कुठे मोदक वळतो?

हायजीनची काळजी घ्या. ही शेवटची सूचना आणि सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या दिवशी साडेबाराला चौथ्या मजल्यावरच्या काकू स्टीलचा डबा घेऊन खाली आल्या. एकवीस उकडीचे, खाली हळदीची पानं, डबा उघडला तसा मांडवभर वास. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. लिफ्ट बंद होती. कमिटीतला एक जण, माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला, त्यांना म्हणाला, “काकू, राग मानू नका, पण प्रायोजकांना सील पॅकच लागतं. फोटो जायचेत.” काकू “बरं” म्हणाल्या, झाकण लावलं आणि जिन्याकडे वळल्या.

हायजीन? अरे, याच काकूंच्या हातचे मोदक खाऊन वाढलास तू! चाळीत तुझी आई कामावर गेली की त्यांच्याकडेच जेवायचास. तेव्हा सील बघितलंस? नैवेद्य देवाला आहे की कंपनीच्या फोटोग्राफरला? वर्गणी पाच हजार घेता, डॉल्बीला पैसे आहेत, फेट्यांना आहेत, आणि मोदक मात्र फुकटचे हवेत म्हणून देवाचं ताट विकायला काढता? ज्यांनी हे ठरवलं त्यांना लाज नाही, आणि आम्ही जे टाळ हातात धरून गप्प उभे राहिलो, त्यांना तर अजिबातच नाही. मी दोन पावलांवर होतो. डबा हातातून घेऊन ताटात रिकामा करायला दहा सेकंदं लागली असती.

काल वर जाऊन आलो. काकू म्हणाल्या, “शिकवते, पण मी उकड काढणार नाही, हात दुखतात. मळायला माणसं आण.” तर कमिटीतल्या सहाही जणांनो, पुढच्या चतुर्थीला सकाळी सहाला चौथ्या मजल्यावर या. पिठी मी आणतो. नारळ तुम्ही आणा, आणि खवून आणा.