'चालतंय ना, मग हात लावू नका': एका फॉरवर्डला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्यापाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय. म्हणणं असं: बिलिंगचं, स्टॉकचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षं चालतंय म्हणजे ते भक्कम आहे, तपासणी म्हणजे नवं गळ्यात मारायचा डाव, बॅकअप असला की झालं, आणि शंका आलीच तर ज्याने लिहिलं त्यालाच विचारा.

डावाची शंका अगदीच खोटी नाही. नवं विकणाऱ्यालाच जुनं तपासायला बसवलं तर अहवाल काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तपासणारा वेगळा बघा, एवढंच. पण तपासणी म्हणजे पाडापाडी, हे कुठून आलं? मे महिन्यात शाकारणीला माणूस कौलांवर चढतो तो फुटकी कौलं बदलतो, वासा ठोकून वाळवी बघतो आणि उतरतो. जुनं म्हणजे कुजलेलं असंही नाही. १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर आजही चालतात.

आता 'चालतंय' या शब्दाकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, जॅमवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. जिथे दर तारखेसकट डेटाच्या तक्त्यात होता, तिथे एक ओळ वाढवून काम भागलं. जिथे १२ हा आकडा कोडमध्येच जागोजागी लिहिलेला होता, तिथे तो खोडून ५ केला. नवी बिलं बरोबर निघाली. पण ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला की क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाच्या वजावटीची चिठ्ठी) ५ टक्क्यांची! ती मूळ विक्रीच्या दरानेच निघायला हवी. जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावरही ५. काउंटरवर कुणाला पत्ता नाही, कारण सगळं 'चालत' होतं.

दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यातलं. एका काजूवाल्यांनी डेटा साठवायच्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलीतच खरेदीच्या पावत्यांचे फोटो साठवले होते. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीपलीकडे वाढत नाही, यांची १.८ वर पोचलेली. ऐन हंगामात एका सकाळी ती अडली असती. फोटो बाहेर फोल्डरमध्ये काढले, फाइल कॉम्पॅक्ट केली (आतली रिकामी जागा काढून लहान केली), दोन दुपारी गेल्या. नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही.

बॅकअपचं म्हणाल तर माझा प्रश्न एकच: तो शेवटचा परत कधी उभा करून बघितलात? २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. बॅकअपचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात. प्रत घरी नेणाऱ्यांचंही नेहमी निभावतंच असं नाही. प्रोग्रॅम उघडा असताना फाइल कॉपी केली की ती अर्धवट निघू शकते. कधी डेटा असतो, पण प्रोग्रॅमचा सेटअप किंवा लायसन्सची की कुणाकडेच नसते. त्यामुळे एखादा कोरा लॅपटॉप घ्या, त्यावर सगळं नव्याने बसवा, आणि मार्चअखेरची बाकी वहीशी जुळते का ते बघा. जुळली तरच तो बॅकअप.

लिहिणाऱ्याला विचारा, हे मान्य. फक्त 'सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) आहे माझ्याकडे' एवढ्यावर थांबू नका. तुमच्यासमोर त्यातून प्रोग्रॅम तयार करायला सांगा आणि तो काउंटरवरच्या प्रोग्रॅमसारखाच वागतो का ते पाहा. मध्ये कधीतरी दुकानात बसून केलेली दुरुस्ती त्या सोर्समध्ये पोचलेलीच नसते, असं मी बऱ्याचदा बघितलंय. त्याचा दोष नाही. तुम्हीच फोनवरून घाई केलेली असते.

हे सगळं आंब्याच्या धामधुमीत काढू नका. आंबेवाल्यांना जून बरा. फक्त पावसात वीज जाते, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी बघून घ्या.