'हॅड बेटर' साहेबांना का लिहू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या मुद्देसूद प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले आक्षेप दोन. 'हॅड बेटर' म्हणजे '-लेलं बरं' असंच शाळेत शिकवतात, मग साहेबांना लिहिताना ते टाळा हा माझ्या लेखातला सल्ला अतिरेकी आहे. आणि 'हॅड' भूतकाळाचं असताना वाक्य पुढच्या कामाचं कसं, हे लेखात आलंच नाही.

आधी दुसरा घेऊ. 'यू हॅड बेटर लीव्ह नाऊ' यातलं 'हॅड' काळ दाखवत नाही. 'इफ आय हॅड मनी' म्हणताना काल पैसे होते असं कुठे सांगायचं असतं? तसंच हे. मराठीतही 'आता निघालेलं बरं' म्हणतो तेव्हा रूप झालेल्या क्रियेचं, पण निघणं अजून व्हायचंच असतं. त्यामुळे रचना समजावायला शाळेतली जोडी उत्तम आहे. घोळ होतो तो सुराचा.

'छत्री घेतलेली बरी' हे आजीलाही म्हणता येतं, त्यात धाक नसतो. 'यू हॅड बेटर टेक ॲन अम्ब्रेला' मध्ये 'नाहीतर भिजाल' हे न बोलताही ऐकू येतं. म्हणून 'यू हॅड बेटर अप्रूव्ह माय लीव्ह' वाचणाऱ्याला 'रजा मंजूर करा, नाहीतर बघा' असंच वाटणार. तिथे 'कुड यू प्लीज अप्रूव्ह माय लीव्ह?' लिहा. नुसतं सुचवायचं असेल तर 'इट माइट बी बेटर टू पोस्टपोन द मीटिंग' पुरे. आईनं मुलाला किंवा डॉक्टरनं पेशंटला 'यू हॅड बेटर' म्हटलं तर ते शोभतं, तिथे ताकीद हवीच असते. कर्ता 'आय' किंवा 'वुई' असला की धार जाते. 'वुई हॅड बेटर चेक द बिल अगेन' हे साहेबांपुढेही खुशाल म्हणा.

'हॅड बेटर टू गो' असं पुष्कळ जण बोलतात, हे आपलं निरीक्षण बरोबर. तरी ते चूकच. 'हॅव टू', 'हॅड टू' जिभेवर बसलेलं असल्यानं 'टू' आपोआप निघतो. 'बेटर'पुढे थेट मूळ क्रियापद हवं. नकारही तिथेच बसतो: 'यू हॅड बेटर नॉट गो'. प्रश्नात मात्र तो पुढे येतो: 'हॅडन्ट वुई बेटर कॉल हिम?' भरभर बोलताना 'यूड बेटर' या 'यू हॅड बेटर'च्या छोट्या रूपातला 'ड' गळून 'यू बेटर' ऐकू येतं. मेलमध्ये 'हॅड' गाळू नका.

आणखी एक, कारण आपण 'शुड'च्या जागी सरसकट हे वापरा म्हणता. 'हॅड बेटर' समोरच्या प्रसंगापुरतं असतं. 'चिल्ड्रन शुड स्लीप अर्ली' हा नेहमीचा सल्ला, तिथे ते बसत नाही. वेळ निघून गेल्यावर 'सांगायला हवं होतंस' म्हणायचं असेल, तरी 'यू शुड हॅव टोल्ड मी' हेच येईल.