सोवळ्यातली गाणी आणि ओकलंडचा गोंगाट

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. भाचा कुठल्या तरी बँडचा व्हिडिओ टाकतो. तुकोबांचा अभंग, मागे ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार, गाणाऱ्याच्या कपाळाला बुक्का आणि अंगात काळा टी-शर्ट. 'अभंग रिपोस्ट'सारखे मुंबईकडचे बँड अभंगाला रॉक-रेगेची जोड देऊन गातात, आणि चांगलं गातात. डोंबिवलीचे काका लगेच लिहितात, "वारकऱ्यांनी शतकानुशतकं जपलेलं तुम्ही सात मिनिटांत बाटवलंत." भाचा म्हणतो, "काका, तुमच्या फोनची रिंगटोन कुठली आहे ते सांगू का सगळ्यांना?" मग आत्या दोघांना गप्प करायला गुलाबाचा फोटो टाकते. यंदा काकांनी मलाच मध्ये ओढलं. "तू तिकडे राहतेस. ते लोक आपलं जुनं कसं जपतात ते सांग जरा या पोराला."

काकांना हवं तसं उत्तर माझ्याकडे नाही, कारण मी राहते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बाजूला, आणि इथे जुन्याचं काय करतात हे मला शिकवलं ते शॅनन अँड द क्लॅम्स नावाच्या बँडने. शॅनन शॉ बेस गिटार वाजवते आणि गाते, कोडी ब्लँचर्ड गिटार वाजवतो आणि गातो. कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ द आर्ट्समध्ये शिकताना त्यांची गाठ पडली. 2009 मध्ये पहिला अल्बम आला, मग दोन-तीन वर्षांनी एकेक येत राहिला. 2018 च्या 'अनियन'पासून ते 'ब्लॅक कीज' बँडवाल्या डॅन ऑरबाखच्या लेबलवर आहेत, म्हणजे अगदीच गल्लीतले राहिलेले नाहीत. पण गल्लीचा वास गेलेला नाही. शॅननचा आवाज जाडाभरडा, घसा ओरबाडत वर येणारा. एकाच ओळीत ती हुंदकाही देते आणि किंचाळतेही. कोडीचा आवाज पातळ, नाकातला, मध्येच वरच्या पट्टीत निसटणारा. दोघं मिळून 1950 च्या दशकातल्या डू-वॉप या समूहगायनासारखे 'ऊ-आ' लावतात, आणि त्या गोडव्याखाली गिटार मात्र गॅरेजमधली, खरखरीत, जणू स्पीकर फाटलाय.

ओकलंडच्या मॉसवुड पार्कात जुलैत पंक रॉकचा जलसा भरतो, तिथे हा बँड अनेकदा वाजलाय. बार्ट या इथल्या लोकल रेल्वेच्या मॅकार्थर स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. सार्वजनिक बाग आहे, शेजारी बास्केटबॉलची कोर्टं. पुढच्या रांगेत केसांचा उंच मनोरा बांधलेल्या, साठी ओलांडलेल्या बाई, त्यांच्या बाजूला कानात सेफ्टी पिना अडकवलेलं पोरगं. संथ गाणं लागलं की माणसं गळ्यात हात टाकून डोलतात. पुढच्या गाण्याला तीच माणसं एकमेकांना खांद्याने ढकलायला लागतात, आणि कुणी पडलं की चार हात त्याला उचलतात. काकांना हे पाहून घाम फुटला असता. मलाही पहिल्यांदा फुटलाच होता.

आता डू-वॉपविषयी थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या काळ्या वस्त्यांमधली पोरं नाक्यावर, जिन्यात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनात उभी राहून गायची. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वाद्यांचं काम तोंडानेच. एक जण खर्जात ठेका धरणार, दोघं-तिघं मधले स्वर भरणार, आणि ज्याचा आवाज चढतो तो पुढे उभा राहून प्रेमाचं गाऱ्हाणं मांडणार. जिना आणि स्टेशन का, तर तिथे आवाज घुमतो आणि भाडं पडत नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्या, चारच, फिरून फिरून त्याच. गटांना नावं पक्ष्यांची: ओरिओल्स, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज. त्या काळातल्या भल्या घरांतही हा धांगडधिंगाच होता.

पंकही फार लांबचं नाही. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून रमोन्स हा बँड निघाला. लेदरची जॅकेटं, मोजून तीन-चार कॉर्ड, दोन मिनिटांत गाणं खलास. लहानपणी रेडिओवर ऐकलेली जुनी गोड गाणी त्यांना इतकी प्रिय होती की 1980 चा अल्बम त्यांनी फिल स्पेक्टरकडून करून घेतला, म्हणजे मुलींच्या गटांची 1960 च्या दशकातली गाणी गाजवणाऱ्या निर्मात्याकडून. तेव्हा शॅनन आणि मंडळींनी काही दोन टोकं ओढूनताणून जोडलेली नाहीत. तालीम नाही, गुरू नाही, कुणी बोलावलेलं नाही, तरी गायचंच, हे दोन्हीकडे सारखं आहे.

जुनं आहे तसं जपणारेही इथे आहेत, नाही असं नाही. पीबीएस या वाहिनीवर 1999 मध्ये डू-वॉपच्या म्हाताऱ्या गायकांना एकत्र आणून मोठा कार्यक्रम झाला. एकसारखे कोट, एकसारख्या गिरक्या, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. आपल्याकडचा 'अवीट गोडीची गाणी' छाप कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा, अगदी तोच. मला त्याचा राग नाही, माझी आईही तसल्या कार्यक्रमांची तिकिटं काढते. पण त्याने गाणं पुढे जात नाही, फक्त पाहुण्यासारखं पाटावर बसतं.

काकांचा प्राण नाट्यसंगीतात. त्यांना मी एवढंच लिहिलं, की 1911 मध्ये 'मानापमान'ला चाली लावताना गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली सरळ आपल्या रंगभूमीवर आणल्या, आणि टेंबे स्वतः वाजवायचे पेटी, म्हणजे युरोपातून आलेलं वाद्य. ती पेटी आकाशवाणीला इतकी परकी वाटली की 1940 पासून तीस वर्षांहून जास्त काळ तिला तिथे मज्जाव होता. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. भाच्याने या मेसेजला पाच अंगठे दिले. पण मला भाच्याची बाजू घ्यायची नव्हती. कारण काका आणि भाचा भांडतात ते एकाच नाट्यगृहात बसून. एकाला पडदा मखमलीचा हवा, दुसऱ्याला त्यावर लेझर हवा, इतकाच फरक. तिकीट दोघांच्या खिशात आहे.

दाराबाहेर कोण उभं आहे ते मला माहेरच्या वाटेवर दिसतं. माझं माहेर उरणकडचं. तिथे हळदीच्या रात्री बँजो लागतो. ज्याला आम्ही बँजो म्हणतो ते खरं बुलबुल तरंग: लाकडी पेटीवर तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारख्या कळा. हे वाद्य जपानच्या ताइशोगोतोवरून आलं आणि आपल्या कोळीवाड्यांत, आगरी गावांत, चाळींत असं रुजलं की ते बाहेरचं आहे हे कुणाच्या गावीही नाही. त्याला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं यंत्र, लावतात, भोंग्याला जोडतात, सोबत कॅसिओ, ऑक्टोपॅड, ताशा. एका दमात कोळीगीत, त्यातून हिंदी सिनेमाचं गाणं, त्यातून भीमगीत, शेवटी गणपतीची आरती, आणि सगळं इतक्या वेगात की नाचणाऱ्याला घाम पुसायला सवड मिळू नये. वाजवणारी पोरं दिवसा बंदरात, गोदामात, रिक्षावर. सुराची भूक आहे, शिकवणी परवडलेली नाही. ओकलंडमध्ये जन्मली असती तर त्यांच्यावर कुणीतरी माहितीपट काढला असता.

आपल्याकडे मात्र गिटारवरचा अभंग हा 'प्रयोग' आणि बँजोवरचं कोळीगीत ही 'कटकट'. पहिल्यावर परिसंवाद होतो, दुसऱ्यावर पोलिसांत फोन. डीजेच्या भिंतींबद्दलची काकांची तक्रार मला मान्य आहे. रात्री दहानंतर भोंगे बंद हा नियम 2000 सालापासून आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्या भिंतींनी आधी बँजोवाल्यांचीच सुपारी मारली. माझा मावसभाऊ बँजो वाजवायचा. तो म्हणतो, "ताई, पेनड्राइव्हला जेवण घालावं लागत नाही."

इथे ओकलंडचे गोडवे गायचा मोह होतो, पण तो पुरता करता येत नाही. डू-वॉपच्या मूळ पोरांना लुटूनच हे संगीत मोठं झालं. 1954 मध्ये ब्राँक्समधल्या कॉर्ड्स या काळ्या गटाचं गाणं गाजायला लागलं, तोच कॅनडाच्या क्रू-कट्स या गोऱ्या गटाने ते गुळगुळीत करून गायलं आणि पहिल्या क्रमांकावर नेलं. 1956 मध्ये फ्रँकी लायमन तेरा वर्षांचा होता तेव्हा 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' या गाण्यातल्या त्याच्या आवाजाने अमेरिका वेडी झाली. 1968 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो हेरॉइनने गेला. त्याच्या गटातल्या दोघांनी त्या गाण्याचे आपणही कर्ते आहोत म्हणून दावा लावला, 1992 मध्ये जिंकला, आणि 1996 मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की फार उशिरा आलात. शॅनन आणि कोडी दोघंही गोरे आहेत. ते स्वतःची गाणी लिहितात, कुणाची रॉयल्टी बुडवत नाहीत, हे खरं. पण 1980 मध्ये ज्या ओकलंडची जवळजवळ निम्मी वस्ती काळी होती, तिथे आता ती जेमतेम पाचवा हिस्सा उरली आहे. जुन्याला हात लावावा की नाही यावर मी फार काथ्याकूट करत नाही, लावावाच. पण ज्यांनी ते आधी वाजवलं, ती माणसं गावात राहू शकतात का, हे विचारल्याशिवाय सुटका नाही. आणि हा प्रश्न अभंगवाल्या बँडलाही आहे, नाट्यगृहालाही आहे.

मग या गावाकडून घेण्यासारखं काय? माझ्या मते एकच: खोल्या. ओकलंडशेजारच्या बर्कलीत 924 गिलमन नावाची जागा आहे. 1986 च्या 31 डिसेंबरला सुरू झाली. सगळं काम स्वयंसेवक करतात, दारू नाही, कुठल्याही वयाच्या पोराला प्रवेश, वंशद्वेष-बाईद्वेष-मारामारी केलीत तर बाहेर. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवायला बंदी होती, त्यापायी ग्रीन डे हा तिथेच वाढलेला बँड 1990 च्या दशकात बाहेर पडला आणि 2015 मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमापुरता परत आला. असला हट्टीपणा मला थोडा विनोदी वाटतो. पण पंधरा वर्षांच्या पोरीला बेसूर गाण्याची जागा गावात असणं, याची किंमत मी माझ्या मुलीकडे बघून सांगू शकते.

अशा खोल्या गेल्या की काय होतं तेही ओकलंडने पाहिलंय. भाडी वाढली तशी कलाकार पोरं गोदामांत राहू-गाऊ लागली. 2 डिसेंबर 2016 च्या रात्री ओकलंडच्याच फ्रूटव्हेल वस्तीतल्या 'घोस्ट शिप' गोदामाला कार्यक्रमाच्या वेळी आग लागली आणि 36 माणसं गेली. त्या गोतावळ्यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी ओळखीचं त्यात होतं. 'अनियन'मधल्या गाण्यांवर त्याची सावली आहे. पुढच्या वर्षी, 29 डिसेंबर 2017 ला, लोअर परळच्या कमला मिलमध्ये पबला आग लागून 14 जण गेले. इथे गरिबीने जीव घेतला, तिथे महागड्या बारच्या निष्काळजीपणाने. पण कमला मिलची जमीन गिरणगावाची. त्याच गिरणगावात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे डफ घेऊन मैदानं भरवत होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मैदानं आक्रसली. त्याच पट्ट्यात 2007 मध्ये 'ब्लू फ्रॉग' हा क्लब आला, स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडना मंच मिळाला, आणि 2016 मध्ये तोही बंद झाला. तिथे दारातून आत जायला जे पैसे पडायचे त्यात हळदीचा बँजो अर्धा तास वाजला असता.

परदेशातली आमची मंडळं या बाबतीत काकांच्याही पुढे आहेत. देश सोडताना जे गाणं कानात होतं तेवढंच मराठी, अशी इथली समजूत. आमच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत मी बँजो पार्टी आणायचं सुचवलं, तर एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "आपल्या मुलांसमोर?" त्यांचा मुलगा कॉलेजात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि ते त्याचे व्हिडिओ कौतुकाने दाखवतात. ठराव काही झाला नाही, चहा झाला.

पुण्यात गेली काही वर्षं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधावं की 1968 ची वास्तू तशीच ठेवावी, यावर वाद चालू आहे. पाडू नये या बाजूची मी आहे, पण त्या वादात सगळे बोलतात ते मुख्य सभागृहाबद्दल. मला हवी आहे ती शंभर माणसं उभी राहतील अशी एक बिनखुर्च्यांची खोली, भिंतींना आवाज अडवणारं अस्तर, दोन दारं आग लागली तर पळायला, भाडं वडापावच्या गाडीवाल्याच्या मुलाला झेपेल इतकं, आणि दहाच्या ठोक्याला बंद. ठाण्यात, पनवेलीत, कोल्हापुरात, जिथे जिथे पालिकेचं नाट्यगृह आहे तिथे एकेक. पहिल्या तीन महिन्यांच्या तारखा बँजोवाल्यांना द्या. नाटकवाल्यांना तारखांसाठी भांडायची सवय आहेच.