कंपनी आली म्हणजे प्रकल्प गेला?

‘ओपन सोर्स म्हणजे स्वयंसेवकांनी रात्री जागवायच्या आणि कंपन्यांनी पैसा कमवायचा. कंपन्या परत काही देत नाहीत, आणि आत शिरल्याच तर प्रकल्प गिळून टाकतात.’ या आशयाचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यातली चीड मला समजते. मीही सुट्टीच्या दिवशी बसून अशा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरला पॅच (छोट्या दुरुस्त्या) पाठवणाऱ्यांपैकीच आहे. पण ‘म्हणून कंपन्यांना लांब ठेवा’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष स्वयंसेवकांच्याच मुळावर येणारा आहे.

पहिलं विधान: कोड स्वयंसेवक फुकटात लिहितात. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या बाबतीत हे साफ चूक आहे. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात विनामोबदला काम करणाऱ्यांचा वाटा जेमतेम ८ टक्के होता. बाकीचं बहुतेक काम इंटेल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांच्या पगारावरची माणसं करतात, आणि त्यातल्या कित्येकांनी सुरुवात हौसेनंच केली होती.

छोट्या लायब्ररींची (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरायच्या तयार कोडची) गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथला राग रास्त आहे. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा बग सापडला तोवर ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती, आणि निम्मं इंटरनेट त्यावर विसंबलेलं होतं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. तरी दहा वर्षांनी एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या प्रकल्पात तीच दुखरी जागा उघडी पडली. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) ‘दुसऱ्या कुणाला तरी घ्या’ असा दबाव आणला गेला, मदतीला आलेल्या माणसानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घुसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा ते छडा लावत होते. पोस्टग्रेस हा ओपन सोर्स डेटाबेस हे त्यांचं काम, मायक्रोसॉफ्ट त्यांची कंपनी. म्हणजे या प्रकरणात घात झाला तो स्वयंसेवक एकटा पडल्यामुळे. कंपन्यांचा दोष आहेच, पण तो इतकी वर्षं न फिरकल्याचा आहे.

दुसरं विधान: परत काही देत नाहीत. देतात, पण कसं देतात त्यावर सगळं ठरतं. ॲपलनं केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचं केएचटीएमएल हे वेबपानं दाखवणारं इंजिन घेऊन २००३ मध्ये सफारी ब्राउझर आणला. लायसन्सप्रमाणे बदललेला कोड दिलाही, पण सगळे बदल एकगठ्ठा. कुठला बदल कशासाठी केला हे कळायला मार्ग नाही, मग स्वयंसेवकांनी तो आपल्या कोडमध्ये बसवायचा कसा? बरीच ओरड झाल्यावर २००५ मध्ये वेबकिटचं, म्हणजे ॲपलनं बदललेल्या त्या इंजिनाचं, काम उघड्यावर आलं. लायसन्स कोड द्यायला भाग पाडू शकतं, चर्चेला बसायला नाही. माझ्या मते कंपन्यांकडे आग्रह धरायचा तो याचा: बदल लहान तुकड्यांत द्या, कारणासकट द्या, आणि आमच्या पॅचच्या रिव्ह्यूलाही (तपासणीलाही) माणूस द्या.

तिसरं: कंपनी प्रकल्प गिळते. सगळे हक्क एकाच कंपनीच्या मुठीत असले तर हा धोका खराच. पण कोड खुला असला की निघून जाता येतं. ओपनऑफिस चालवणारी सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर २०१० मध्येच ओपनऑफिसच्या लोकांनी फोर्क करून, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडून, लिबरऑफिस उभं केलं. त्यात स्वयंसेवकांच्या जोडीला नोव्हेल आणि रेड हॅटचे पगारी लोकही होते.

त्याहून चांगलं म्हणजे अशी वेळच येऊ न देणं. पोस्टग्रेसच्या कोअर टीममध्ये (प्रकल्प चालवणाऱ्या छोट्या गटात) निम्म्याहून जास्त सदस्य एकाच कंपनीचे नसावेत, असा दंडक आहे. २०२० मध्ये पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबी या कंपनीनं सेकंडक्वाड्रंट ही तशीच दुसरी कंपनी विकत घेतली आणि पाचांपैकी तिघं एका छत्राखाली आले. कुणाला काढलं नाही, कंपनीशी भांडण झालं नाही. टीमनं बाहेरचे दोन सदस्य घेतले आणि पाचात तीन होते ते सातात तीन झाले. त्या दोघांपैकी एक होते आंद्रेस फ्रॉइंड.