म्हणे लॉकडाऊनने ओझोनचं भोक बुजलं!

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड टाकला. 'लॉकडाऊनमुळे 21 दिवसांत ओझोनचं भोक बुजलं, व्हेनिसला डॉल्फिन आले, खाडीत फ्लेमिंगो आले, तेव्हा सरकारने दरवर्षी 21 दिवस लॉकडाऊन सक्तीचा करावा.' खाली आईचे हात जोडलेले तीन इमोजी. ग्रुपवर मामांना उलट बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते भोक. अहो, एप्रिल 2020 मध्ये बुजलं ते आर्क्टिकवरचं, दरवर्षी पडतं ते अंटार्क्टिकावरचं नाही. त्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरचा थंड हवेचा भोवरा फार जोरात होता, त्या थंडीत सीएफसी म्हणजे जुन्या फ्रीज-एसीतल्या गॅसमधल्या क्लोरीनने ओझोन खाल्ला, मग भोवरा मोडला आणि बाहेरची ओझोनवाली हवा आत शिरली, संपला विषय. युरोपच्या कोपर्निकस या वातावरणावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने तेव्हाच सांगितलेलं की याचा लॉकडाऊनशी बहुतेक काही संबंध नाही. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी अंटार्क्टिकावर एवढं मोठं भोक पडलं की डिसेंबर संपत आला तरी बुजेना, ते कुठल्या फॉरवर्डमध्ये नाही. मुळात भोक पाडायचं काम या सीएफसीसारख्या गॅसचं, आणि ते गॅस 1987 च्या मॉन्ट्रियल करारामुळे बंद होत गेले. शास्त्रज्ञांचं ऐकून केलेल्या नियमाचं श्रेय मामा घरी बसण्याला देतायत.

डॉल्फिनचा व्हिडिओ व्हेनिसचा नाहीच, सार्डिनियाच्या बंदरातला आहे. पुढे.

बरं, फ्लेमिंगो जास्त दिसले हे मान्य, पक्ष्यांचा अभ्यास करणारी मुंबईची बीएनएचएस ही संस्थाही तेच म्हणालेली. हवाही स्वच्छ झालेली, आमच्या गच्चीवरून डोंगर दिसायचे. पण सगळं जग ठप्प होऊनसुद्धा 2020 मध्ये कार्बन उत्सर्जन जेमतेम पाचेक टक्के घटलं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच वर्षीच्या मे महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत 417 पीपीएमवर (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 417 भाग), तेव्हाचा उच्चांक.

खरा संताप येतो तो 'दरवर्षी सक्तीचा' वर. 24 मार्चला रात्री आठला घोषणा आणि बाराला देश बंद. कसारा घाटाच्या अलीकडे आम्ही पाण्याच्या बाटल्या वाटत होतो तेव्हा एक पोरगं होतं, चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून पायाला प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने बांधून चालत होतं, बाप म्हणाला यूपीला जायचंय. 8 मेला औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) करमाडपाशी रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, त्यांच्या पोळ्या रुळांवर पडलेल्या सगळ्या पेपरांत छापून आल्या होत्या. मामांची पेन्शन मात्र तेव्हाही वेळेवर जमा होत होती, त्यामुळे त्यांना त्या वर्षातले फक्त फ्लेमिंगो आठवतात.